नाना अहिराणीत परत आलेत

प्रश्न थोडक्यात : माझे वडील, म्हणजे आमचे नाना, 67 वर्षांचे आहेत. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आईसोबत राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. उजवा पाय बराच सुधारला, हात अजून कमजोर आहे. बोलणं पूर्ण गेलं होतं, ते हळूहळू येतंय, पण अहिराणीत! ज्या माणसानं आम्हा भावंडांना घरात अहिराणी बोलू दिली नाही, 'माले-तुले' तोंडातून निघालं की कान पिळला, तो माणूस आता 'माले' (मला), 'आठे' (इथे), 'उना' (आला) एवढंच बोलतो. शिवाय एक शिवी, तीही पाहुण्यांसमोर स्पष्ट. मी नाशिकला असतो. मी लावून दिलेल्या स्पीच थेरपिस्ट मॅडम व्हिडिओ कॉलवर मराठीतून शिकवतात, तिथे नाना गप्प बसतात. आई त्यांच्याशी अहिराणीतच बोलते. माझं म्हणणं, आता मराठीचा आग्रह धरला नाही तर ती कायमची जाईल. लिहून दाखवा म्हणून पाटी दिली तर त्यांनी ती फेकली. 'हो' म्हणतात आणि मान नकारार्थी हलवतात. धाकटा भाऊ म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय, शेताचे कागद आत्ताच करून घेऊ. लोक सांगतात, सहा महिन्यांत येतं तेवढंच येतं. आम्ही काय करावं?

उत्तर :

पाटीपासून सुरुवात करते. तुम्ही तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, पण मी तिथेच अडखळले.

आमच्या घरी हेच झालं होतं. चोपड्याच्या आत्याला झटका आला, बोलणं गेलं, आणि स्वतःला हुशार समजणाऱ्या आम्ही भाचरांनी तिच्यापुढे वही-पेन ठेवलं. बोलता येत नाही ना, मग लिहून सांग. आत्या वहीकडे बघायची, आमच्याकडे बघायची आणि पदर तोंडाला लावायची. महिनाभर आम्ही तिला रोज नापास करत होतो. बोलणं आणि लिहिणं या एकाच विहिरीवरच्या दोन मोटा आहेत, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. विहीर ढासळली की एक मोट बंद आणि दुसरी चालू असं सहसा होत नाही. आत्या निदान शाळामास्तर तरी नव्हती. ज्या हातानं नानांनी हजार पाट्या तपासल्या, त्याच कमजोर हातात पाटी देऊन आपण म्हणतोय, 'क' काढा. मी असते तर मीही फेकली असती.

नानांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. यात जीभ, ओठ, घसा धडधाकट असू शकतात. बिघाड असतो तो मेंदूतल्या भाषेच्या जागी. उजव्या हातानं काम करणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून अधिक माणसांची भाषा डाव्या मेंदूत असते, आणि शरीराची उजवी बाजूही डावा मेंदूच चालवतो. म्हणून नानांचा उजवा हात आणि बोलणं एकाच दिवशी गेलं. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला वाचाघात होतो, म्हणजे हा आजार दुर्मीळ नाही. आपल्याकडे 'लकवा' या एका शब्दाखाली तो झाकून जातो, इतकंच. (आणि हो, कुणी जिभेला वेखंड किंवा अक्कलकारा चोळायला सांगितलं असेल तर थांबवा. जिभेचा दोष नाही. शिवाय झटक्यानंतर अनेकांना गिळताना ठसका लागतो, त्यात असले प्रयोग अंगाशी येतात.)

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुम्ही लिहिता, 'आमच्या घरात अहिराणी बंद होती.' कुणाची बंद होती? तुमची. नानांची होती का, हे एकदा आईला विचारा. दिवे मालवल्यावर नाना तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे? शेतात सालदाराशी? बाजारात, लग्नाच्या मांडवात, स्वतःच्या आईच्या उशाशी बसून? माझा अंदाज आहे की नानांची अहिराणी कधीच बंद नव्हती. ती तुमच्या कानाआड चालू होती. तुम्हाला जो चमत्कार वाटतोय, तो आईला वाटत नसावा. म्हणूनच ती न शिकवता बरोबर वागतेय.

त्या कान पिळण्याचा राग तुमच्या पत्रात कुठे कुठे डोकावतो. तो असू द्या, खरा आहे. त्या पिढीतल्या पुष्कळ मास्तरांनी हेच केलं. पोरांनी पुढे जावं, पुण्या-मुंबईत कुणी हसू नये, म्हणून घरातली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवली. माझी अहिराणीही अशीच अर्धवट राहिली. ऐकते पूर्ण, बोलताना अडखळते. पण आज आपण नानांचाच नियम नानांना लावतोय, 'शुद्ध बोला', आणि तेही अशा वेळी, जेव्हा त्यांच्याकडे मोजकेच शब्द आहेत.

अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, ही समजूत तर पहिल्यांदा काढून टाका. ग्रियर्सन या भाषाभ्यासकानं इंग्रजांच्या काळात केलेल्या भाषा-सर्वेक्षणातही खान्देशी, जिच्यात अहिराणी येते ती, मराठीच्या बोलींमध्ये बसवलेली नाही, ती वेगळी मांडली आहे. 2011 च्या जनगणनेत खान्देशी या स्वतंत्र नोंदीखाली 18 लाखांहून अधिक माणसं आहेत. हे सांगायचं कारण अभिमान मिरवणं नाही. कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुमच्या थेरपिस्ट मॅडमनी 'मला पाणी द्या' हे वाक्य मागितलं आणि नाना 'माले पानी दे' म्हणाले, तर मराठीच्या तपासणीत तिथे चुका मोजल्या जातील. अहिराणीत ते वाक्य निर्दोष आहे! कर्म, प्रत्यय, क्रियापद, सगळं जागेवर. सात महिन्यांत इतकं आलेला माणूस तुमच्या हिशेबात मागे पडलेला दिसतो, कारण उत्तरपत्रिका चुकीच्या विषयाची आहे.

दोन भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघात झाला तर कोणती भाषा आधी परतते, यावर दीडशे वर्षं वाद आहे. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं की जुनं टिकतं, म्हणजे लहानपणची भाषा. पित्र या डॉक्टरनं 1895 मध्ये म्हटलं, तसं नाही, झटक्याच्या आधी जी जास्त वापरात होती ती. पुढे जसजसे रुग्ण नोंदवले गेले तसं दिसलं की बहुतेकांच्या दोन्ही भाषा साधारण बरोबरीनं सुधारतात. काहींची एक पुढे जाते, काहींची आज एक तर महिन्यानं दुसरी. पक्का नियम हाती लागलेला नाही. पण तुमच्या भीतीला यात उत्तर आहे. अहिराणी बोलल्यामुळे मराठीची जागा अडत नाही. दोन भाषा जवळच्या असतील, शब्द सारखे असतील, तर एकीतला सराव दुसरीला उपयोगी पडल्याचीही उदाहरणं आहेत. पानी आणि पाणी यांत अंतर ते किती? नानांची मराठी अहिराणीच्या वाटेनं येण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि नाहीच आली तरी भूक लागल्याचं सांगता येणारा माणूस घरात असेल.

थेरपिस्ट बदलू नका. त्यांना माहिती द्या. नाना दोन भाषांचे आहेत हे त्यांना कुणी सांगितलंय का? मला शंका आहे की तुम्हीच 'मातृभाषा : मराठी' असं लिहून दिलं असेल. आईनं आणि तुम्ही मिळून रोजच्या गरजेचे वीस-पंचवीस शब्द आणि चार-सहा वाक्यं अहिराणीत काढून द्या. 'भूक लागनी', 'पाय दुखस', 'आठे ये' अशी. मॅडमना अहिराणी येत नसेल तरी पद्धत त्यांची आणि शब्द आईचे, असं जमतं.

पद्धतीचं एक उदाहरण सांगते, कारण ते आपल्या घरांत सहज बसतं. अनेकांना बोलता येत नाही पण गाता येतं. तुमचे नाना संध्याकाळच्या आरतीत शब्दांसकट सूर धरतात का, बघा. एक ते वीस आकडे सलग येतात, पण 'किती वाजले' म्हटलं की गाडी अडते, हेही दिसेल. पाठ झालेलं, सुरात बसलेलं बोलणं आणि मनात जुळवून काढायचं बोलणं, यांच्या मेंदूतल्या वाटा एकच नाहीत. हे धरून बॉस्टनमधल्या काही तज्ज्ञांनी 1973 मध्ये सुरातून बोलायला शिकवण्याची पद्धत पुढे आणली. गरजेचं छोटं वाक्य दोनच सुरांत, लांबवून म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका धरायचा. मा-ले, पा-नी, दे. आधी दोघांनी मिळून, मग आवाज हळू करत त्यांना एकट्याला पुढे जाऊ द्यायचं, शेवटी सूर काढून टाकायचा. मॅडमना याबद्दल विचारा. सगळ्यांना लागू पडत नाही, पण ज्यांना थोडंफार समजतं आणि बोलणं अडखळत येतं, अशांना पडू शकते. तुमच्या आईला आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी येत असतील तर तिच्याएवढी चांगली मदतनीस नाशिकला मिळणार नाही.

शिवीचं काय, तर तीही याच वाटेनं येते. 1861 साली पॅरिसमध्ये ब्रोका या शल्यविशारदानं ज्या रुग्णाचा मेंदू तपासून भाषेची जागा दाखवली, तो लेबोर्न नावाचा माणूस वर्षानुवर्षं फक्त 'टां' एवढंच म्हणायचा. इस्पितळात त्याचं नावच टां पडलं होतं. पण समोरच्याला आपलं म्हणणं कळेना आणि संताप अनावर झाला की त्याच्या तोंडून एक अख्खी शिवी स्वच्छ बाहेर पडायची. नानांच्या शिवीत संस्कार शोधू नका आणि पाहुण्यांची माफीही मागत बसू नका. हसू नका, दटावू नका. ती कधी येते तेवढं मात्र टिपून ठेवा. बहुतेकदा काहीतरी सांगायचं असतं आणि आपण भलतंच पुढे करत असतो, तेव्हाच ती येते.

आता 'सगळं कळतं फक्त बोलता येत नाही' हे आणि 'डोक्यावर परिणाम झालाय' हे, दोन्ही बाजूला ठेवा. पहिलं तुम्ही मानत असाल, दुसरं तुमचा भाऊ मानतो. वाचाघातात समजही बहुतेकदा थोडीफार दुखावलेली असते, फक्त ते चटकन दिसत नाही. 'चहा घेता का' हे कपाकडे बघूनही कळतं. पण 'शामूला रामूनं मारलं' असं म्हणून विचारा, मार कुणी खाल्ला? नावांचा क्रम उलटा, सगळा अर्थ त्या 'ला' आणि 'नं'वर टांगलेला. अशा ठिकाणी नानांसारखे रुग्ण घसरतात. प्रत्यय शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाचं हे असं व्हावं, याचं वाईट वाटतं. पण यावरून बुद्धी गेली असा निष्कर्ष काढणं चूक आहे. कुणाचं शेत कुठे, कोण आपलं, कोण परकं, पत्त्याच्या डावात कोणतं पान टाकायचं, हे त्यांना ठाऊक असतं. नाना चिडतात, पाटी फेकतात, यावरूनच दिसतं की आपलं काय चुकतंय हे त्यांना कळतंय.

म्हणून घरात बोलताना वाक्य आखूड ठेवा. एका वेळी एकच गोष्ट. टीव्ही बंद. समोर बसून, तोंड दिसेल असं. आणि विचारल्यावर थांबा. मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबा, हे सगळ्यांत अवघड आहे. आपण तिसऱ्या अंकालाच त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. शब्द अडला तर पहिलं अक्षर द्या, 'भा…', पुढचं 'कर' पुष्कळदा आपोआप येतं. जेवताना 'काय खाणार' असं मोघम विचारू नका. भरिताचं वांगं आणि शेवेचा डबा, दोन्ही समोर धरा. बोट दाखवलं तरी ते उत्तरच आहे. बोट दाखवलं म्हणून आळशी होतील, बोलणार नाहीत, ही भीती अनेक घरांत असते. उलट होतं, सांगितलेलं कळतंय म्हटल्यावर माणूस बोलायला धजावतो. फोनमधून चाळीस-पन्नास फोटो काढून एक वही करा: घरची माणसं, विहीर, शेत, दवाखाना, चष्मा, संडास, शाळा. अक्षरं लिहिलेला तक्ता नको, पाटीचीच ती दुसरी आवृत्ती होईल.

हो आणि नाहीची अदलाबदल फार जणांत होते. तोंडच्या शब्दावर विसंबू नका. हिरवं आणि लाल कार्ड ठेवा, किंवा अंगठा वर-खाली. महत्त्वाची गोष्ट असेल तर प्रश्न उलटून पुन्हा विचारा. 'दुखतंय?' आणि थोड्या वेळानं 'बरं वाटतंय?' दोन्हींना 'हो' आलं तर उत्तर मिळालेलं नाही, एवढंच समजा.

यावरूनच भावाच्या कागदांचं उत्तर मिळतं. ज्या माणसाचं 'हो' सकाळी एक आणि दुपारी दुसरं असू शकतं, त्याचा अंगठा बक्षीसपत्रावर घेणं मला मान्य नाही. वाचाघात झाला म्हणून नानांचा स्वतःच्या जमिनीवर निर्णय घेण्याचा हक्क संपत नाही. तो त्यांना कळेल अशा रीतीनं विचारला गेला पाहिजे. फोटो, शेताचा नकाशा, साधी वाक्यं, दोन-तीन वेगवेगळे दिवस, आणि डॉक्टरांचं लेखी मत. घाई कुणाला आहे? नानांना नसेल तर थांबा. भावाला दुष्ट ठरवू नका, खर्चाची भीती त्यालाही असणार. पेन्शनच्या खात्यासाठी सही येत नसेल तर बँकेला दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक जण बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा लागतो. त्यासाठी शेत लिहून द्यावं लागत नाही.

पैशाचंच निघालं म्हणून: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख आहे. दोष कायमचा राहिला तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळू शकतं. लोक फक्त हाता-पायाचं प्रमाणपत्र काढतात आणि बोलण्याचं राहून जातं. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात वाचा-उपचाराची चौकशी करा. ज्या वाचकांना जवळपास कुणीच सापडत नाही, त्यांनी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा मैसूरच्या अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्थेत विचारावं.

सहा महिन्यांची गोष्ट. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगानं होते, हे खरं. त्यापुढे दार बंद होतं, हे खरं नाही. 2017 मध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यांत झटक्याला सहा महिने उलटून गेलेलीच माणसं घेतली होती. आठवड्याला किमान दहा तास, असे तीन आठवडे उपचार केल्यावर रोजच्या व्यवहारातलं त्यांचं बोलणं मोजण्याइतकं सुधारलं. आठवड्याला दहा तास व्हिडिओ कॉलवर होणार नाहीत, मान्य. पण मॅडमनी ठरवून दिलेला सराव सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा, रात्री जेवणानंतर थोडा, असा वाटून आईनं, वहिनीनं, शेजारच्या एखाद्या पोरानं घेतला तर बराच पल्ला गाठता येतो. नाना दमले की थांबवा. आणि ते रडवेले राहत असतील, जेवण सोडत असतील, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. झटक्यानंतर नैराश्य पुष्कळांना येतं, त्यावर औषध असतं, डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या गोळ्या तर चुकवूच नका. आहे ते बोलणं अचानक पुन्हा बिघडलं, तोंड वाकडं झालं, तर सकाळ होण्याची वाट न पाहता गाडी काढा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

भेटायला येणाऱ्यांना दारातच एक गोष्ट सांगायची. खान्देशात आजाऱ्याच्या खाटेशी बसून 'वळखं का माले?' असं विचारण्याची रीत आहे. माया असते त्यात, पण नानांसाठी ती तोंडी परीक्षा होते. माजी विद्यार्थ्यांना सांगा, आल्याबरोबर स्वतःचं नाव, गाव, सातवीचं वर्ष आपणच सांगा आणि मग नुसतं शेजारी बसा. एका वेळी दोनच माणसं. आणि नानांसमोर नानांबद्दल 'आता काही बोलत नाहीत हो' असं तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. ते ऐकत असतात.

तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा नानांशी कोणत्या भाषेत बोलाल, याचा विचार करतेय. तुमची अहिराणी मोडकी असेल. असू द्या. त्यांचीही सध्या मोडकीच आहे. मॅडमचा कॉल लागेल तेव्हा आईला नानांच्या शेजारी कॅमेऱ्यात बसवा आणि पहिली पाच वाक्यं तिला बोलू द्या.